हुमणी (कीड)

हुमणी ही जमिनीत राहून पिकांची मुळे खाणारी, भुंगेऱ्याची अळी होय. ऊस, भुईमूग, सोयाबीन, हळद, आले, ज्वारी, बाजरी, मका, मिरची, सुपारी अशा अनेक पिकांना तिच्यापासून उपद्रव होतो. महाराष्ट्रात, विशेषतः ऊस पिकवणाऱ्या भागांत, ती जमिनीतील सर्वांत हानिकारक किडींपैकी एक मानली जाते. अळी जमिनीखाली आणि भुंगेरा जमिनीवर, तोही रात्री, वावरत असल्यामुळे ही कीड बहुधा नुकसान झाल्यावरच ध्यानात येते. शेणखतात, कुजलेल्या पाल्यात आणि मातीत हुमणीसारख्याच दिसणाऱ्या, पण मुळांना अपाय न करणाऱ्या इतर भुंगेऱ्यांच्या अळ्याही असतात. म्हणून हुमणीची अचूक ओळख हा तिच्या नियंत्रणाचा पहिला भाग ठरतो.

## नाव

मराठीत ‘हुमणी’ हा शब्द प्रामुख्याने अळीसाठी वापरला जातो. तिच्या प्रौढ कीटकाला ‘हुमणीचा भुंगेरा’ किंवा नुसते ‘भुंगेरे’ म्हणतात. काही भागांत अळीला ‘उन्नी’ असेही नाव आहे. हिंदी भाषक प्रदेशांत ‘सफेद लट’ व ‘सफेद गिडार’, गुजरातीत ‘मुंडा’ आणि कन्नडमध्ये ‘गोण्णे हुळू’ ही नावे प्रचलित आहेत. इंग्रजीत अळीला ‘व्हाइट ग्रब’ म्हणतात, तर भुंगेरे मे-जूनमध्ये दिसतात म्हणून त्यांना ‘मे-जून बीटल’ म्हटले जाते.

अळी आणि भुंगेरा यांना वेगवेगळी नावे असल्याने व्यवहारात एक घोटाळा होतो. जूनमध्ये कडुनिंबावर घोंघावणारा तपकिरी भुंगेरा आणि सप्टेंबरमध्ये उसाच्या बेटाखाली सापडणारी पांढरी अळी ही एकाच कीटकाची दोन रूपे आहेत, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. भुंगेरा निरुपद्रवी समजून सोडला जातो आणि अळीवर उपाय शोधला जातो. प्रत्यक्षात सप्टेंबरमधील अळ्यांची संख्या जूनमधील भुंगेऱ्यांनीच ठरवलेली असते.

## वर्गीकरण

हुमणीचे भुंगेरे कोलिऑप्टेरा म्हणजे ढालपंखी कीटकांच्या गणातील स्कॅरॅबिडी या कुलात मोडतात. या गणातील कीटकांच्या पंखांची पुढची जोडी टणक असते व ती मागच्या पातळ पंखांवर ढालीसारखी झाकण घालते. स्कॅरॅबिडी कुलात शेणाचे गोळे करणारे शेणभुंगेरे, नारळावरील गेंड्या भुंगा, फुलांवर येणारे चकचकीत फुलभुंगेरे आणि हुमणीचे भुंगेरे असे नाना सवयींचे कीटक येतात. या सर्वांच्या अळ्या ढोबळ मानाने सारख्या दिसतात, आणि ओळखीतील अडचणीचे मूळ इथेच आहे.

पिकांची मुळे खाणाऱ्या बहुतेक महत्त्वाच्या जाती मेलोलाँथिनी या उपकुलातील आहेत. काही रुटेलिनी उपकुलातही आहेत. ‘हुमणी’ हे एकाच जातीचे नाव नसून अशा अनेक जातींच्या अळ्यांचे सामान्य नाव आहे.

## आढळ व प्रमुख जाती

भारतात प्रदेशाप्रमाणे हुमणीच्या वेगवेगळ्या जाती प्रबळ आहेत. राजस्थान व गुजरातच्या वालुकामय जमिनींत भुईमूग व बाजरीवर होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया ही जाती प्रमुख आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगण व तमिळनाडूत होलोट्रिकिया सेराटा अधिक आढळते. हिमालयाच्या पायथ्याकडील व डोंगराळ भागात आणखी निराळ्या जाती आहेत. महाराष्ट्रातील दोन जाती विशेष महत्त्वाच्या आहेत.

होलोट्रिकिया सेराटा (माळावरील हुमणी). हलक्या ते मध्यम, निचऱ्याच्या जमिनींत ही जाती मोठ्या प्रमाणावर आढळते. भुंगेरा लालसर तपकिरी ते गडद तपकिरी असून त्याची लांबी सुमारे दोन सेंटिमीटर असते. ‘सेराटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘करवतीसारखे दाते असलेली’ असा आहे. या जातीचे भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर इत्यादी झाडांवर थव्याने जमतात आणि त्यांचा पाला खातात.

ल्युकोफोलिस लेपिडोफोरा (नदीकाठची हुमणी). पश्चिम महाराष्ट्रातील नदीकाठच्या ऊसपट्ट्यात ही जाती उपद्रवी ठरली आहे. कर्नाटकात सुपारीच्या मुळांवरही ती आढळते. भुंगेरा सेराटापेक्षा मोठा असून त्याच्या अंगावर बारीक फिकट खवले असतात, त्यामुळे ताजा भुंगेरा करडा दिसतो. ‘लेपिडोफोरा’ या ग्रीक मूळच्या नावाचा अर्थच ‘खवले धारण करणारी’ असा होतो. हाताळल्यास हे खवले गळतात. म्हणून जुन्या, झिजलेल्या नमुन्यावरून केलेली ओळख फसवी ठरू शकते. या जातीचे भुंगेरे झाडांचा पाला फारसा खात नाहीत.

या दोन जातींतील फरक केवळ अभ्यासकांच्या उपयोगाचा नाही. झाडांवर जमणारे भुंगेरे गोळा करणे हा सेराटावरील प्रभावी उपाय आहे, पण लेपिडोफोराच्या बाबतीत तो तितका लागू पडत नाही. नदीकाठच्या गावात कडुनिंबावर भुंगेरे दिसले नाहीत म्हणून शेत हुमणीमुक्त आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

## जीवनक्रम

महाराष्ट्रातील उसावरील हुमणीची साधारणपणे वर्षाला एकच पिढी होते. तिच्या आयुष्यात अंडी, अळी, कोष व भुंगेरा अशा चार अवस्था असतात.

* मे-जून : वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली की मातीत सुप्त असलेले भुंगेरे सूर्यास्तानंतर बाहेर पडतात. ते जवळच्या झाडांवर जमतात, तेथे त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत जातात.
* जून-जुलै : मादी ओलसर, भुसभुशीत मातीत काही सेंटिमीटर खोलीवर एकेक करून अंडी घालते. एक मादी सुमारे ५० ते ७० अंडी घालते. अंडी दोन ते तीन आठवड्यांच्या आत उबतात.
* जुलै-ऑगस्ट : अळी पहिल्या व दुसऱ्या अवस्थेत असते. लहान अळी प्रथम मातीतील कुजलेले सेंद्रिय पदार्थ व बारीक तंतुमुळे खाते. या काळात पिकावर ठळक लक्षण दिसत नाही.
* ऑगस्ट ते ऑक्टोबर-नोव्हेंबर : तिसऱ्या अवस्थेतील अळी सर्वांत मोठी व खादाड असते. ही अवस्था सर्वांत लांबते आणि बहुतेक नुकसान याच काळात होते.
* ऑक्टोबर ते डिसेंबर : पूर्ण वाढलेली अळी जमिनीत खोल जाऊन मातीच्या कोठडीत कोषात जाते.
* हिवाळा व उन्हाळा : कोषातून निघालेला भुंगेरा बाहेर न पडता पुढच्या पावसाची वाट पाहत मातीतच राहतो.

स्थळ, पाऊस व जाती यांनुसार हे वेळापत्रक काही आठवड्यांनी पुढेमागे होते.

## अवस्थानिहाय ओळख

### भुंगेरा

हुमणीच्या भुंगेऱ्याची सर्वांत खात्रीची खूण त्याच्या शृंगिकांत, म्हणजे डोक्यावरील मिशांत असते. या मिशांचे टोक दोऱ्यासारखे निमुळते नसून तेथे पातळ पाकळ्यांची एक लहान जुडी असते. भुंगेरा ती पंख्यासारखी उघडतो व मिटतो. अशी पाकळ्यांची जुडी संपूर्ण स्कॅरॅबिडी कुलाचे लक्षण आहे. त्यामुळे तेवढ्यावरून हुमणीचा भुंगेरा ठरत नाही, मात्र इतर कुलांतील कीटक बाजूला काढता येतात.

त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्या लागतात : रंग तपकिरी व बव्हंशी निस्तेज असणे, डोक्यावर शिंग नसणे, पुढील पायांच्या नडग्यांवर माती उकरण्याचे दाते असणे आणि संध्याकाळनंतर झाडाच्या पाल्यावर आढळणे. चकचकीत हिरव्या रंगाचे भुंगेरे बहुधा रुटेलिनी किंवा फुलभुंगेऱ्यांच्या गटातील असतात. रुटेलिनी गटातील भुंगेऱ्यांच्या पायांच्या टोकांवरील नखांच्या जोडीत एक नख मोठे व एक लहान असते. हा फरक साध्या भिंगाखालीही दिसतो.

भुंगेऱ्यांची वस्ती झाडावरूनही कळते. पाने कडेकडून अर्धचंद्राकृती कुरतडलेली दिसतात आणि झाडाखाली विष्ठेचे बारीक कण पडलेले असतात. दिवसा झाडावर एकही भुंगेरा नसला तरी ही चिन्हे राहतात.

### अंडी

अंडी दुधाळ पांढरी, प्रथम लांबट गोल असतात. मातीतील ओल शोषून ती फुगतात व जवळजवळ वाटोळी होतात. त्यांचा आकार साबुदाण्याच्या दाण्यासारखा असतो. ती विखुरलेली असल्यामुळे शेतात सहसा नजरेस पडत नाहीत.

### अळी

हुमणीची अळी मळकट पांढरी, मांसल व इंग्रजी ‘सी’ या अक्षरासारखी वाकलेली असते. डोके तपकिरी व टणक, जबडे गडद आणि छातीला पायांच्या तीन जोड्या असतात. पोटाचा शेवटचा भाग किंचित फुगीर असतो. आत साठलेली माती व विष्ठा पातळ त्वचेतून दिसत असल्याने तो काळसर वाटतो. पूर्ण वाढलेली अळी चार सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. ल्युकोफोलिसची अळी त्याहून मोठी होते.

अळीचे वय ठरवताना तिच्या शरीराच्या लांबीपेक्षा डोक्याची रुंदी अधिक विश्वासार्ह असते. शरीर खाण्यानुसार फुगते, डोके मात्र टणक असल्यामुळे दोन कातींच्या दरम्यान वाढत नाही. त्यामुळे डोक्याच्या रुंदीचे तीन स्पष्ट गट पडतात आणि अळी पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या अवस्थेत आहे हे सांगता येते.

जाती ठरवण्यासाठी अळीच्या पोटाच्या शेवटच्या खंडाची खालची बाजू भिंगाखाली पाहतात. तेथे केसांची व बारीक काट्यांची ठरावीक मांडणी असते. काही जातींत काटे दोन समांतर ओळींत असतात, तर काहींत ते विखुरलेले असतात. गुदद्वाराच्या फटीचा आकारही उपयोगी पडतो. मेलोलाँथिनी गटात ही फट साधारणपणे तीन फाट्यांची किंवा मध्ये कोन करून वाकलेली असते. रुटेलिनी, गेंड्या भुंगा व फुलभुंगेरे यांच्या गटांत ती आडवी असते.

### कोष

कोष सुरुवातीस पिवळसर व नंतर तपकिरी होतो. त्यावर भावी भुंगेऱ्याचे पाय, पंख व मिशा यांचे आकार मोकळे दिसतात. त्याच्याभोवती मातीची गुळगुळीत कोठडी असते.

## हुमणी समजले जाणारे इतर कीटक

फुलभुंगेऱ्यांची अळी. कंपोस्ट, शेणखत व कुजलेल्या लाकडात ही मोठ्या संख्येने सापडते. तिची ओळख सर्वांत सोपी आहे. सपाट जागेवर ठेवल्यास ती पाठीवर उलटी होते आणि पाय वर करून पाठीनेच सरकते. हुमणीची अळी कुशीवर पडून राहते किंवा पाय खाली ठेवून सरपटण्याचा प्रयत्न करते. फुलभुंगेऱ्याची अळी कुजलेले पदार्थ खाऊन त्यांचे खत होण्यास मदत करते.

गेंड्या भुंग्याची अळी. शेणखताच्या खड्ड्यात आढळणारी बोटासारखी जाड अळी बहुधा हिची असते. ती मुळे खात नाही. मात्र तिचा प्रौढ भुंगा नारळाच्या शेंड्यात शिरून कोवळा भाग पोखरतो. त्यामुळे उमललेल्या झावळ्यांवर कातरल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. कोकण व गोव्यातील नारळबागांच्या दृष्टीने ही अळी नष्ट करणे योग्यच आहे, परंतु ते काम खतखड्ड्यात करायचे असते, उसाच्या सरीत नव्हे.

शेणभुंगेऱ्याची अळी. ही शेणाच्या गोळ्यात वाढते आणि तिच्या पाठीवर ठळक कुबड असते. शेणभुंगेरे शेण जमिनीत गाडून मातीचा कस वाढवतात. त्यांची अळी पिकाच्या मुळाशी कुरतडताना आढळत नाही.

कुरतडणारी अळी. हा पतंगवर्गीय कीटक आहे. हात लावताच तिचीही गुंडाळी होत असल्याने फसगत होते. तिचा रंग करडा-काळपट, त्वचा तुकतुकीत असते आणि छातीच्या तीन जोड्यांखेरीज पोटालाही मांसल पाय असतात. ती रोपे जमिनीलगत कापते, मुळे खात नाही.

सोंड्या भुंगेऱ्याची अळी. ही पांढरी व किंचित वाकलेली असली तरी तिला पाय नसतात. रताळ्यात आढळणारी अळी हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

भूभुंगेरे. दिव्याजवळ किंवा ढेकळांखाली सापडणारे काळे, चपळ भुंगेरे पुष्कळदा हुमणीचे समजून मारले जातात. त्यांच्या मिशा दोऱ्यासारख्या असतात, जबडे पुढे आलेले असतात आणि ते वेगाने पळतात. यांतील बहुतेक कीटक इतर किडींच्या अळ्या खाणारे, म्हणजे शेतकऱ्याचे मित्र आहेत.

## नुकसानीवरून निदान

हुमणीग्रस्त उसाची पाने प्रथम पिवळी पडतात व नंतर वाळतात. मुळे खाल्ली गेल्यामुळे ऊस जमिनीत घट्ट राहत नाही. हलक्या ओढीने संपूर्ण बेट हातात येते. वारा-पावसात असा ऊस लोळतो. भुईमूग, सोयाबीन व मिरचीत झाडे ओळीने किंवा ठिकठिकाणी चट्ट्याचट्ट्यांनी सुकतात, आणि उपटल्यावर सोटमूळ कुरतडलेले अथवा पूर्ण नाहीसे झालेले दिसते. हळद व आले यांत गड्ड्यांनाही इजा होते.

अशीच मर इतर कारणांनीही होत असल्याने पुढील फरक तपासले जातात.

* खोडकीड : उसाचा मधला पोंगा वाळतो व ओढल्यास तेवढाच निघून येतो. मुळे शाबूत असतात.
* वाळवी (उधई) : खोड आतून पोखरलेले व मातीने भरलेले असते, मातीचे बोगदे दिसतात.
* मूळकूज : मुळे काळी पडून कुजतात, परंतु ती कुरतडलेली नसतात. जागेवर पाणी साचलेले असण्याची शक्यता असते.
* पाण्याचा ताण : दुपारी कोमेजलेले पीक पाणी मिळताच किंवा रात्रीतून सावरते. हुमणीग्रस्त पीक पाणी देऊनही सावरत नाही.

या फरकांकडे दुर्लक्ष झाल्यास खर्च दुहेरी होतो. मूळकुजीच्या पिकाला कीटकनाशक दिल्याने रोग हटत नाही आणि हुमणीच्या पिकाला पाणी व खत वाढवून दिल्याने अळी मरत नाही. दोन्हींत मधले काही आठवडे हातचे जातात.

## शेतातील पाहणी

हुमणीची पाहणी वर्षातून दोन वेळा केली जाते.

पहिली पाहणी मे-जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर लागोपाठ काही संध्याकाळी, साधारण साडेसात ते साडेनऊ या वेळात करतात. बांधावरील कडुनिंब, बाभूळ व बोरीच्या फांद्या काठीने हलवून खाली पडणारे भुंगेरे मोजतात. कृषी विद्यापीठांच्या शिफारशींनुसार एका झाडावर सरासरी २० किंवा त्याहून अधिक भुंगेरे आढळल्यास उपाय आवश्यक समजला जातो.

दुसरी पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करतात. शेतात तिरप्या रेषेत निरनिराळ्या ठिकाणी खड्डे घेऊन माती चाळतात व सापडलेल्या अळ्या मोजतात. एक घनमीटर मातीत सरासरी एक अळी ही नुकसानीची पातळी मानली जाते. खड्डा पिकाच्या मुळाशी घ्यावा लागतो. दोन सरींमधील मोकळ्या जागेतील माती पाहिल्यास संख्या कमी भरते. पीक पिवळे पडलेल्या चट्ट्याच्या मध्यापेक्षा त्याच्या कडेला, जेथे मुळे अजून शिल्लक आहेत तेथे, अळ्या अधिक मिळतात.

## ओळख आणि नियंत्रण यांचा संबंध

हुमणीचे नियंत्रण कीटकाच्या अवस्थेवर अवलंबून असते. त्यामुळे कीटक कोणता याइतकेच तो कोणत्या अवस्थेत आहे हेही महत्त्वाचे ठरते.

भुंगेरा अवस्था. झाडांवर जमलेले भुंगेरे फांद्या हलवून पाडणे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारणे ही जुनी व आजही उपयोगी पद्धत आहे. अंडी घालण्यापूर्वी मादी मारली गेल्यास पुढील संपूर्ण पिढी टळते. राजस्थानात होलोट्रिकिया कॉन्सँग्विनियाच्या बाबतीत भुंगेऱ्यांना एकत्र आणणारे गंधद्रव्य अ‍ॅनिसॉल असल्याचे आढळले असून, त्याचा वापर करून भुंगेरे ठरावीक झाडांवर गोळा करता येतात. प्रकाश सापळ्यांतही भुंगेरे येतात, पण सोबत भूभुंगेरे, शेणभुंगेरे व पाणकीटकही येतात. म्हणून सापळा भुंगेरे उडण्याच्या मोजक्या दिवसांपुरता व संध्याकाळच्या पहिल्या काही तासांत लावणे आणि सापडलेले कीटक निवडून पाहणे योग्य ठरते.

भुंगेरे शेताची हद्द पाळत नाहीत. एका शेतकऱ्याने आपल्या बांधावरील झाडे झोडपली आणि शेजारची झाडे तशीच राहिली, तर अंडी दोघांच्याही शेतात पडतात. म्हणून ही मोहीम संपूर्ण गावाने, सलग तीन-चार वर्षे राबवावी अशी शिफारस केली जाते.

लहान अळी. जैविक उपायांना ही अवस्था सर्वांत अनुकूल असते. मेटॅरायझियम अ‍ॅनिसोप्ली व बिव्हेरिया या परोपजीवी बुरशी, तसेच हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हा कीटकांवर जगणारा सूत्रकृमी यांचा वापर केला जातो. या सूत्रकृमीचे वर्णन प्रथम १९९२ मध्ये कोइमतूर येथील उसाच्या शेतातील नमुन्यांवरून करण्यात आले. या सर्व सजीवांना जमिनीत ओल लागते. कोरड्या मातीत त्यांचा परिणाम मिळत नाही.

मोठी अळी. तिसऱ्या अवस्थेतील अळी खोल असते व कीटकनाशकास सहज बळी पडत नाही. या वेळी उभ्या उसात दिलेले औषध पुष्कळदा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. खर्च होतो, मातीतील उपयुक्त जीव मरतात आणि हुमणी कायम राहते. पूर्वी या कामी सर्रास वापरल्या जाणाऱ्या फोरेट या अत्यंत विषारी कीटकनाशकावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.

कोष व सुप्त भुंगेरा. पीक निघाल्यावर खोल नांगरट केल्यास मातीतील कोष व भुंगेरे उघडे पडतात. नांगरामागे येणारे बगळे, कावळे व साळुंक्या ते वेचून खातात, उरलेले उन्हाने मरतात. खोडवा उसात ही नांगरट होत नाही, त्यामुळे सलग खोडवे घेतलेल्या शेतात किडीची संख्या वर्षागणिक वाढत जाते.

## शेणखताविषयी समज

‘हुमणी शेणखतातून येते’ अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अंशतः खरी आहे. कच्च्या, अर्धवट कुजलेल्या खतातून अळ्या व अंडी शेतात जाऊ शकतात, आणि लहान अळीला सुरुवातीस सेंद्रिय पदार्थ लागत असल्याने असे खत तिला पोषकही ठरते. म्हणून पूर्ण कुजलेले खत वापरण्याची शिफारस केली जाते. मात्र खतखड्ड्यात दिसणाऱ्या जाड अळ्यांपैकी पुष्कळशा गेंड्या भुंगा किंवा फुलभुंगेऱ्यांच्या असतात. त्या हुमणीच्या समजून शेणखत टाकण्याचेच थांबवणे, हा चुकीच्या ओळखीचा जमिनीला बसणारा फटका होय. शेतातील हुमणीचा मुख्य स्रोत पहिल्या पावसानंतर अंडी घालणारी मादी हाच असतो.

## निश्चित निदानासाठी नमुने

अळीवरून जाती ठरवणे तज्ज्ञांनाही नेहमी शक्य होत नाही. निश्चित निदान बहुधा प्रौढ नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून केले जाते. म्हणून शक्य असल्यास काही अळ्या शेतातील मातीसह मडक्यात ठेवून, त्यांना मुळे पुरवून भुंगेरा होईपर्यंत वाढवतात. साठवणीसाठी अळी उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून मग अल्कोहोलमध्ये ठेवतात. थेट अल्कोहोलमध्ये टाकलेली अळी काळी पडते. नमुन्यासोबत गाव, दिनांक, पीक किंवा झाड, मातीचा प्रकार व खोली यांची नोंद आवश्यक असते. नोंदीविना आलेल्या नमुन्याचे मूल्य फार कमी होते.

महाराष्ट्रात कृषी विद्यापीठांचे कीटकशास्त्र विभाग, कृषी विज्ञान केंद्रे, पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्र आणि पुण्याजवळील मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या संस्था पीकसंरक्षणाचे मार्गदर्शन करतात. राष्ट्रीय पातळीवर बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो ही संस्था कीटकांच्या वर्गीकरणाचे काम करते. हुमणी व जमिनीतील अन्य किडींवरील अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचे समन्वयन जयपूरजवळील दुर्गापुरा येथून होत आले आहे.

## हे सुद्धा पहा

* ऊस
* भुईमूग
* गेंड्या भुंगा
* शेणभुंगेरा
* वाळवी
* एकात्मिक कीड व्यवस्थापन